बडोद्याची साडेनऊची बस

गेल्या महिन्यात बडोद्याला जाण्याचा योग आला. योग कसला, जाणे भागच होते. मामीचा फोन आला होता. मामा जाऊन दोन वर्षे झाली. दांडिया बाजारातले त्यांचे जुने घर आता बिल्डरच्या ताब्यात जायचे आहे आणि मामी मुलीकडे पुण्याला. फोनवर ती एवढेच म्हणाली, "धाकट्याचं काय करायचं ते तू येऊन ठरव. मला आता विचारू नको."

धाकटा म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. वय एक्केचाळीस. गेली काही वर्षे तो मामीकडेच राहतो. मी परतीची दोन तिकिटे काढूनच निघालो होतो, एक माझे आणि एक त्याचे. घरी बायकोने मागच्या खोलीतली धान्याची कोठी सरकवून तिथे खाट टाकली होती.

नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसलेला आपल्याकडचा माणूस नवापूर आले की एकदा तरी खिडकीबाहेर डोकावतोच. अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. पाहुणे असले तर आपण त्यांना दोन राज्यांत वाटला गेलेला तो बाक कौतुकाने दाखवतो. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब चालू होता. महाराष्ट्रात मनोरुग्णांसाठीची जुनी सरकारी रुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. गुजरातेतही चार: अहमदाबाद, बडोदे, जामनगर आणि भूज. या आठांत आपल्या जिल्ह्याला सर्वांत जवळचे बडोद्याचे. शेतातल्या मिरचीला जसा सुरतेचा बाजार जवळचा वाटतो, तसाच हा प्रकार. औषधासाठी सरहद्द ओलांडणारी आपल्याकडची घरे मला माहीत आहेत. ती नातेवाइकांना "देवदर्शनाला जाऊन आलो" असे सांगतात. आम्हीही तेच सांगत होतो.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी धाकट्याला विचारले. तो म्हणाला, "नाव टाकू नको. पण पगार मिळतो ते टाक." म्हणून नाव टाकलेले नाही.

सन २००४. धाकटा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. होस्टेलवरून फोन आला की तो चार दिवस झोपलेला नाही. आणायला गेलो तेव्हा तो म्हणाला की पंख्यातून मुले त्याच्याविषयी बोलतात. मी त्याच्यासमोर पंखा बंद करून दाखवला. आपण केवढे शहाणे, असे त्या वेळी मला वाटले होते! पंखा बंद झाला, आवाज बंद झाले नाहीत. मग भगत झाला, गंडे-दोरे झाले, एका ठिकाणी त्याला तीन दिवस उपाशी ठेवून झाले. सव्वा वर्ष असे गेले आणि मग एका डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. स्किझोफ्रेनिया. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. मी मराठीचा प्राध्यापक असूनही हा शब्द आजवर घरात कधी उच्चारलेला नाही. मन छिन्न झाले आहे असे आईला कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याच वर्षी, २००४ मध्ये, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला होता. अतुल कुलकर्णींनी त्यात असाच आजार झालेल्या माणसाची भूमिका केली आहे. मी तो बऱ्याच उशिरा पाहिला. या चित्रपटामागे आपल्या धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी उभे होते, हे तर त्याहून उशिरा कळले. कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात ते संख्याशास्त्र शिकवत. त्यांच्या पत्नीला हा आजार होता आणि त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. त्या संस्थेचे धायरीला पुनर्वसन केंद्र आहे. धुळ्यातल्या का. स. वाणी मराठी प्रगत अध्ययन संस्थेमुळे आम्हा मराठीच्या लोकांना वाणी हे नाव माहीत होतेच. भाषेसाठी काम करणारे वाणी आणि या आजारासाठी काम करणारे वाणी एकच, हे कळले त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. सातासमुद्रापार मोठ्या पदावरचा माणूस उघड बोलतो आणि मी स्टाफरूममध्ये "भाऊ बडोद्याला कंपनीत आहे" एवढेच सांगून विषय बदलतो!

औषधांनी आवाज कमी झाले. पण पुढे काय? डॉक्टर म्हणाले, त्याला कशात तरी गुंतवा. कशात तरी, हा शब्द फार फसवा आहे. आम्ही एका शहरात असे केंद्र शोधले. तिथे 'व्यवसाय प्रशिक्षण' होते. धाकटा पाकिटे करायला शिकला. खाकी कागद कापायचा, दुमडायचा, खळ लावायची. आईला एवढा आनंद झाला की तिने पहिल्या पाकिटात सव्वा रुपया घालून ते देवापुढे ठेवले. एक वर्ष गेले, दोन गेली. तिसऱ्या वर्षी धाकट्याने मला विचारले, "दादा, ही पाकिटं जातात कुठे?" मी चौकशी केली. ती कुठेच जात नव्हती. माळ्यावर गठ्ठे रचून ठेवले होते. त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्याकडे गिऱ्हाईकच नव्हते, आणि प्रशिक्षण संपवून माणसे पुढे जातील अशी कुठली जागाही नव्हती. म्हणून प्रशिक्षणच चालू राहिले. धाकट्याने दुसऱ्या दिवसापासून जाणे बंद केले. आम्ही सगळे त्याच्यावर चिडलो. आजार उलटला, असे म्हणालो. आता वाटते, त्या तीन वर्षांत त्याने केलेला सर्वांत शहाणपणाचा विचार तोच होता.

त्यानंतरची काही वर्षे तो घराच्या ओट्यावर बसून होता. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. २०१६ मध्ये मामा म्हणाले, माझ्याकडे पाठव.

मामांचे घराणे बडोद्याला गायकवाडी काळापासूनचे. पणजोबा कारकून म्हणून गेले ते तिथलेच झाले. मामी मूळची साताऱ्याकडची, पण आता तिचे मराठी गुजरातीत इतके मुरले आहे की ती "बारी लाव" म्हणते, आणि खिडकी लावायची आहे हे आम्हाला दर वेळी नव्याने समजून घ्यावे लागते. मामांचा एक जुना गुजराती वर्गमित्र मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत लहानसा कारखाना चालवतो. पितळेचे नळाचे जोड बनतात. त्या दोघांचे गप्पांतच ठरले आणि धाकटा २०१७ च्या जानेवारीत कामाला लागला. ना मुलाखत, ना प्रशिक्षण.

मी पोहोचलो तो शनिवार होता. स्टेशनवर उतरलो तर धाकटा समोर. मी येतो हे त्याला माहीत होते, का येतो हेही माहीत होते. त्याने माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "उद्या रविवार. तुला गाव दाखवतो. सोमवारी मला सुट्टी नाही."

बडोदे मी आधी पाहिले होते, पण कुणाला तरी भेटायला, घाईघाईत. रविवारी धाकट्याबरोबर पायी फिरलो. तो फार बोलत नाही, पण रस्ते त्याला पाठ आहेत. सूरसागरला एक फेरी झाली, न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीवरून गेलो, मांडवीत मामीची सांगितलेली चिवड्याची पुडी घेतली. मग तो मला कलाभवनासमोर घेऊन आला आणि म्हणाला, "इथे फाळके शिकले. तू शिकवतोस ना?" मी मराठी शिकवतो, इतिहास नाही, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. पण खरेच, दादासाहेब फाळके १८९० मध्ये इथे शिकायला आले होते. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी हे कलाभवन सुरू केले आणि त्रिभुवनदास गज्जर नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हाती सोपवले. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, आणि शिकवायचे देशी भाषेत, हत्यार हातात देऊन. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराचा मुलगा मागे राहू नये, हा विचार. आता तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. धाकट्याला दुसऱ्या वर्षानंतर ज्या शिक्षणाने दार बंद केले तेच शिक्षण. पण तो त्या इमारतीकडे फार शांतपणे बघत होता. मलाच घशात काही तरी आल्यासारखे झाले.

सयाजीराव मूळचे आपल्या बाजूचे, हे किती जणांच्या लक्षात असते कोण जाणे. मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा गोपाळ. १८७५ मध्ये दत्तक जाऊन राजा झाला, तोवर पाटी-पुस्तकाशी फारसा संबंध नव्हता. पुढे याच राजाने सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले, आधी अमरेलीत १८९३ मध्ये, मग १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. लक्ष्मीविलास राजवाडा बाहेरून पाहताना मला त्यांच्या चरित्रातली एक वेगळीच गोष्ट आठवली. महाराजांना निद्रानाश जडला होता. थकवा, अस्वस्थता, झोप नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते १८८७ मध्ये हवापालटासाठी युरोपला गेले. परत आले तेव्हा गादी जागेवर होती. पुढेही ते प्रकृतीसाठी अनेकदा परदेशी गेले आणि दर वेळी गादी जागेवरच राहिली. हा विनोद म्हणून सांगत नाही. झोप उडालेल्या माणसाला रजा मिळावी आणि परतल्यावर त्याचे काम त्याची वाट पाहत असावे, एवढेच तर या आजाराच्या हजारो माणसांना हवे आहे. धाकट्याच्या बाबतीत होस्टेलने खोली खाली करून घेतली होती आणि कॉलेजने पुढच्या वर्षी नाव कमी केले होते.

संध्याकाळी सेवउसळ खाल्ली. आपल्या उसळीला बडोद्याने पार बदलून टाकले आहे: वाटाणे, वरून झणझणीत तर्री, त्यावर मूठभर शेव आणि पाव. पैसे धाकट्याने दिले. मी खिशात हात घातला तर त्याने डोळ्यांनीच नको म्हटले.

सोमवारी सकाळी मी त्याच्याबरोबर निघालो. तो साडेआठला उठतो. क्लोझापिन नावाची गोळी तो रात्री घेतो, तिची झोप सकाळी उशिरापर्यंत उतरत नाही. उशीवर लाळ सांडलेली असते, डोके जड असते. या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि आता दर महिन्याला रक्त तपासावे लागते. त्या दिवशी खाडा होतो. अशा माणसाला सकाळी आठची पाळी द्या, तो पंधरा दिवसांत काम सोडेल आणि आपण म्हणू, बघा, यांच्याने काम होत नाही. धाकट्याची वेळ दहा ते तीन आहे. साडेनऊची सिटी बस. नऊ वीसला तो कोपऱ्यावर उभा होता, हातात डबा. त्याच्या शेजारी मी. बसमध्ये कंडक्टरने त्याच्याकडे न बघताच तिकीट फाडले. रोजचा माणूस!

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत यंत्रांचा आवाज. मला भीती वाटली, आवाजांचा आजार आणि त्यात हा गोंगाट. नंतर धाकट्यानेच सांगितले की यंत्र चालू असले की आतले आवाज ऐकू येत नाहीत, सुट्टीत येतात. त्याचे काम शेवटच्या टेबलावर. तयार जोड बघायचे, आट्यांत पितळेचा कीस अडकला असेल तर ब्रशने काढायचा, शंभर मोजून पिशवीत भरायचे, वजन करायचे, चिठ्ठी लावायची. औषधाने त्याचे हात थोडे थरथरतात, म्हणून त्याला यंत्रावर घेतलेले नाही. शेजारी दाहोदकडची एक बाई बसते, साधारण पन्नाशीची. धाकटा मध्येच थांबून पुटपुटू लागला की ती नुसती त्याच्यापुढे पुढची रास सरकवते. हे तिला कुणी शिकवले नाही.

शेठ आता पंच्याहत्तरीचे आहेत. मला त्यांनी चहा दिला. मी आभार मानायला लागलो तर ते कंटाळले. म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, दया केली असती तर सहा महिन्यांत मीच थकलो असतो." मग हिंदी-गुजराती मिसळत त्यांनी सांगितले ते असे. पहिल्या महिन्यात धाकटा दोनदा न सांगता दुपारी निघून गेला. त्यांनी त्या तासांचे पैसे कापले. मामा रागावले, आजारी मुलाचे पैसे कापतोस? शेठ म्हणाले, बाकीच्यांचे कापतो तर याचे का नाही? दुसऱ्या दिवशी धाकटा आला आणि किती कापले ते विचारून गेला. त्यानंतर निघायचे असले की सांगून निघू लागला. त्याला तासाला साठ रुपये मिळतात. त्या टेबलावरच्या सगळ्यांचा दर तोच आहे. तास कमी म्हणून पैसे कमी. महिन्याला सात-साडेसात हजार पडतात.

मी विचारले, चुका होतात का? होतात, म्हणाले. एकदा दोन हजार जोड चुकीच्या चिठ्ठीने गेले. "मग?" "मग काय, परत आले. माझ्या मुलानेही एकदा पाठवले होते."

मला इथे थोडे पुस्तकी बोलू द्या. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात काही तज्ज्ञांनी तीसेक वर्षांपूर्वी जुनी पद्धत उलटी केली. आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण आणि मग जमले तर नोकरी, याऐवजी आधी खरी, पगाराची नोकरी आणि तिथेच मदतीला माणूस. पुढे अनेक देशांत याच्या चाचण्या झाल्या. जुन्या पद्धतीच्या मानाने जवळपास दुप्पट लोकांना काम मिळाले, आणि कामाच्या ताणाने आजार बळावेल ही भीती खरी ठरली नाही. मामांच्या मित्राने हे काही वाचलेले नव्हते. पण माळ्यावर रचलेली ती पाकिटे मला हे वाचताना दिसत होती.

याच्या अगदी उलट बाजूने एक समजूत आपल्याकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत या आजाराचा अभ्यास सुरू केला होता, त्यात आपले आग्रा होते. पुढे आढळले की आग्रा, नायजेरियातले इबादान अशा ठिकाणचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे राहिले. त्याच्या कारणांवर अजून वाद आहेत. पण आपले लोक छाती फुगवून सांगतात, बघा, आमचे एकत्र कुटुंब, आमची शेती, वेड्यालाही काही ना काही काम असते. असते, नाही असे नाही. आमच्याच गावी असा एक जण गुरांमागे होता. काम होते, पण मजुरी नव्हती, जेवण ओसरीवर, आणि बैल हुकला की मार. त्याला आजार आहे हे कुणी म्हणत नव्हते, तसे तो माणूस आहे असेही कुणी म्हणत नव्हते. तेव्हा शेतीचे फार गोडवे मी गाणार नाही.

कायद्याचे सांगायचे तर १९९५ च्या अपंग कायद्यात मानसिक आजार मोजला होता, पण नोकरीच्या राखीव जागांत त्याला वाटा नव्हता. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्क्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार या सगळ्यांत मिळून ठेवला. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, किमान चाळीस टक्के. धाकट्याचे प्रमाणपत्र आम्ही वेळेवर काढले नाही. बहिणीचे लग्न व्हायचे होते. सरकारी शिक्क्याचा कागद घरात नको, असे आई म्हणाली आणि मीही मान डोलावली. बहिणीचे लग्न झाले, धाकट्याचे नोकरीचे वय निघून गेले. यात सरकारला दोष देता येईल, पण तो सगळा देता येणार नाही.

शेठना मी शेवटी मुद्द्याचे विचारले. त्याला नंदुरबारला नेले तर? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लॉकडाऊनमध्ये काय झालं होतं, तुम्हाला माहीत आहे?"

मला अर्धेच माहीत होते. २०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले तेव्हा धाकटा पहिले काही दिवस ठीक होता. मग त्याने झोप सोडली. रोज नऊ वीसला तो डबा घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसे आणि मामी हाक मारीपर्यंत तिथेच राही. आवाज परतले होते. औषध तेच होते, घर तेच, माणसे तीच. फक्त बस नव्हती. मामीने तेव्हा मला फोनवर "बरा आहे" एवढेच सांगितले होते. शेठ जूनमध्ये परवानगी मिळताच स्वतः स्कूटरवरून त्याला न्यायला आले. पूर्ववत व्हायला त्याला पाच महिने लागले.

परतताना मी एकटाच होतो, धाकटा तीनपर्यंत कामावर. कारेलीबागेतल्या सरकारी रुग्णालयावरून रिक्षा नेली. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात तो औषधाला जातो. फाटकाबाहेर आपल्याकडच्या पेहरावातले एक जोडपे बसले होते, मध्ये विशीतली मुलगी. मी उतरलो नाही. उतरून काय विचारणार होतो?

सोमवारची ती रात्र मला नीट आठवते. मामी पोळ्या लाटत होती. धाकटा जेवून वर गेला होता. मी मामीला म्हणालो, घरी खाट टाकली आहे. बायको तयार आहे, आणि हे खरे आहे, ती कुरकुरलेली नाही. आपल्याकडे मिरचीच्या पथारींवर काम असते, पण ते हंगामापुरते, आणि मिरचीच्या खाटाने धाकट्याला खोकला होतो. ओळखीच्या दुकानात बसवता येईल. मामी लाटणे थांबवून म्हणाली, "दुकानात बसवशील. तो बसेल. बसून राहील." पुढे ती काही बोलली नाही.

गोवा, सातारा आणि तामिळनाडूत मिळून एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. गावातल्याच साध्या माणसांना थोडे शिकवून या आजाराच्या घरी नियमित पाठवायचे. औषध, घरच्यांशी बोलणे, कामाला लावणे. त्याने फरक पडला, फार मोठा नाही, पण मोजता येण्याइतका. साताऱ्यात झाले ते नंदुरबारला का होऊ नये, असे मी भाषणात म्हणू शकतो. पण माझ्या ओळखीत आज दहा ते तीनचा, तासाला ठरलेला पैसा देणारा, चुकलेली चिठ्ठी सहन करणारा आणि पगार कापणारा एकही माणूस नंदुरबारला नाही. असल्यास मला जरूर कळवावे. हे अगदी मनापासून लिहितो आहे.

मंगळवारी सकाळी मामीने चार घरे पलीकडच्या एका मराठी आजींकडे नेले. त्यांची मागची खोली रिकामी आहे. मामीने येताना बजावले होते, आजाराचे काही बोलू नको, नुसते शांत स्वभावाचा आहे म्हण. एकवीस वर्षे हेच म्हणत आलो आहे. आजींनी विचारले, मुलगा एकटाच का? मी सांगितले. नावासकट सांगितले, गोळी सांगितली, लॉकडाऊनचेही सांगितले. मामीने मान खाली घातली. आजी म्हणाल्या, "रात्री ओरडतो का?" नाही. "भाडं कोण देणार?" तो देईल, कमी पडले तर मी. "स्वयंपाक?" डबा लावू. त्या म्हणाल्या, मुलाला विचारून सांगते. मुलगा मुंबईला असतो.

घरी आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. धाकटा जिन्यात चपला घालत होता. मी म्हणालो, "तुझं तिकीट रद्द करतो आहे." तो म्हणाला, "पैसे पूर्ण मिळत नाहीत. कापतात." आणि बसची वेळ झाली म्हणून गेला.

आजींचा निरोप हे लिहीपर्यंत आलेला नाही. मामीने बिल्डरकडून दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली आहे. धाकट्याच्या रक्ततपासणीची तारीख अठरा आहे, तेव्हा मी पुन्हा जाणार आहे. येताना दोन किलो मिरची पूड आण, असे मामीने सांगितले आहे. एक किलो तिला आणि एक त्या आजींना.